वुडस्टॉकच्या चिखलातील मैफली

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात माझे गाणे पडले. सभागृहात होते त्यांना ते आठवत असेलच. नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पेटीची साथ करणारा मुलगा ऐनवेळी आला नाही. तबल्यावर बसलेला माझ्याकडे पाहत होता आणि मी विंगेकडे. ध्रुवपद आणि अर्धा अंतरा कसाबसा म्हटला, सूर कुठल्या कुठे सरकला, मागच्या रांगांतून ते सुपरिचित आवाज सुरू झाले आणि मी नमस्कार करून आत पळाले. नंतर चहाच्या वेळी एका हितचिंतकाने सांत्वन केले, "पुढच्या वर्षी ट्रॅकवर म्हण. ट्रॅक कधी गैरहजर राहत नाही."

हे वाक्य तेव्हा मला पटले होते, हे आज कबूल करायला हवे. यंदा संमेलनाच्या तयारीच्या बैठकीत तोच ठराव पुढे आला आहे. यापुढे सर्व गाणी मुद्रित साथीवरच व्हावीत, म्हणजे फजिती होणार नाही आणि वेळही पाळली जाईल. ठरावाला बहुमत आहे. माझे मत विरुद्ध आहे आणि ते मांडण्यासाठी मी जे साक्षीदार आणले आहेत ते जरा लांबचे आहेत. १९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावी, मॅक्स यासगर नावाच्या दूधवाल्या शेतकऱ्याच्या सहाशे एकर जमिनीवर जे गायले-वाजवले, ते हे लोक. रॉक संगीत म्हटले की आपल्या स्टाफरूममध्ये कपाळाला आठ्या पडतात, याची मला जाणीव आहे. तरीही साक्ष ऐकून घ्यावी, ही विनंती.

वुडस्टॉकचे नाव मी प्रथम ऐकले ते इंग्रजीच्या बाईंच्या तासाला. दिवाळीच्या सुटीनंतर वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर मायकेल वॉडली यांनी काढलेला तीन तासांचा माहितीपट पाहिला. १९७० सालचा हा चित्रपट. त्याला ऑस्करही मिळाले. मग त्या वेडाने मला धरले. उत्सवाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २०१९ साली, तिथले जवळजवळ सारे ध्वनिमुद्रण ३८ तबकड्यांच्या संचात प्रसिद्ध झाले. त्यातले जेवढे ऐकायला मिळाले तेवढे मी मेसच्या रांगेत उभी राहूनसुद्धा ऐकले आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी पार्श्वभूमी सांगते. नाव वुडस्टॉक असले तरी उत्सव त्या गावी झालाच नाही. बेथेल तिथून सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे. वॉलकिल नावाच्या ज्या गावात तो व्हायचा होता त्या गावाने महिनाभर आधी परवानगी नाकारली. नवी जागा मिळाली, पण वेळ उरला नाही. रंगमंच उभारावा की कुंपण घालावे, असा प्रश्न पडला. रंगमंच झाला, कुंपण राहिले. तीन दिवसांचे अठरा डॉलरचे तिकीट काढून आलेले आणि फुकटे असे सारे मिळून चार लाखांच्या वर माणूस लोटला. रस्ते तुंबले, कलाकारांना हेलिकॉप्टरने आणावे लागले. पाऊस आला, चिखल झाला, अन्न संपले. मादक द्रव्यांचा सुळसुळाट होता. त्यांपायी मृत्यू झाला, आणि एक मुलगा तर झोपेतच ट्रॅक्टरखाली सापडून गेला. त्या तीन दिवसांचे स्वर्ग म्हणून जे वर्णन केले जाते ते मला मुळीच मान्य नाही. नियोजनाच्या दृष्टीने आपल्या संमेलनाची समिती त्यांच्यापेक्षा शतपटीने बरी. माझा मुद्दा निराळा आहे. जिथे काहीच ठरल्याप्रमाणे झाले नाही तिथे गाणे कसे झाले, एवढेच मला पाहायचे आहे.

माझी सर्वांत आवडती मैफल पहिलीच आहे. शुक्रवार, १५ ऑगस्ट, संध्याकाळचे पाच वाजून गेलेले. (तारीख पाहून आपल्याला झेंडावंदन आठवते, त्याचा तिथे काही संबंध नव्हता, पण पुढे जे घडले ते पाहता योगायोग गमतीचा वाटतो.) सुरुवात ज्यांनी करायची ते वाहतुकीत अडकलेले. दुसरा एक गायक हजर होता, पण त्याच्या मनाची तयारी नव्हती. तेव्हा संयोजकांनी रिची हेवन्स या अठ्ठावीस वर्षांच्या कृष्णवर्णीय गायकाला पुढे ढकलले. त्याच्याकडे एक गिटार, साथीला दुसरी गिटार आणि कोंगा हे तालवाद्य, एवढाच सरंजाम होता. तो ठरलेली गाणी गायला आणि उठला. पुढचे कलाकार आलेले नाहीत, म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. पुन्हा गायला, पुन्हा उठला, पुन्हा परत. शेवटी गाणी संपली. म्हणजे खरोखरच संपली. त्याला येत होती तेवढी गाऊन झाली.

मग त्याने जे केले ते पाहण्यासारखे आहे. तो गिटारच्या तारांवर नुसता हात चालवत राहतो. काय गावे हे त्याला ठाऊक नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसते. आणि मग एकच शब्द येतो, 'फ्रीडम'. तोच शब्द पुन्हा, मग आणखी एकदा. त्यातूनच अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे, गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेले, आईवेगळ्या लेकराचे एक जुने गीत उगवते आणि परत त्या एका शब्दात विरते. डाव्या हाताचा भलामोठा अंगठा गिटारच्या मानेवरून आडवा टाकून तो स्वर धरतो, पाय ठेका देतो, पाठीवरचा अंगरखा घामाने भिजलेला. शेवटी वाजवत वाजवतच तो उठून मागे निघून जातो.

आमच्या गावच्या भजनी मंडळात माझे वडील, अण्णा, गेली कित्येक वर्षे टाळ धरून पुढे उभे असतात. बुवांची गाडी चुकली किंवा पखवाजाला कणीक लावायला वेळ लागला, की अण्णा गजर धरतात. एकच नाम, पंधरा मिनिटे, वीस मिनिटे, लागली तर अर्धा तास. लहानपणी मला वाटे की ही वेळ काढण्याची युक्ती आहे. आहेच ती! पण त्या वेळ काढण्यातच केव्हा तरी सगळ्यांचे डोळे मिटतात आणि उशिरा आलेले बुवासुद्धा गजर थांबवायला धजत नाहीत. सुटीत घरी गेले तेव्हा हेवन्सची ही फीत मी अण्णांना मोबाईलवर दाखवली. इंग्रजीचा एक शब्द त्यांना येत नाही. शेवटपर्यंत पाहून ते म्हणाले, "पोरी, ह्याचा पखवाजवाला आला नाही वाटतं."

त्या चार लाखांत इतके अचूक रसग्रहण कोणी केले असेल असे मला वाटत नाही.

एक गंमतही नोंदवून ठेवते. आपण त्या दिवशी जवळजवळ तीन तास गायलो, असे हेवन्स पुढे सांगत असे. ध्वनिमुद्रण निघाले तेव्हा मैफल तासाभराच्या आतलीच ठरली. पण गाणी संपलेल्या माणसाला तो तास तीन तासांचा वाटला असेल, तर त्यात खोटे काय? माझ्या त्या अर्ध्या अंतऱ्याला माझ्या हिशेबाने वीस मिनिटे लागली होती.

दुसरी मैफल शनिवारी दुपारची, सॅन्टाना या वाद्यवृंदाची. या पोरांची पहिली तबकडी अजून बाजारात यायची होती, त्यामुळे समोर बसलेल्यांपैकी फार थोड्यांना त्यांचे नाव माहीत होते. प्रमुख गिटारवादक कार्लोस सॅन्टाना हा मेक्सिकोतल्या एका व्हायोलिनवादकाचा मुलगा. आपल्याला अजून पुष्कळ वेळ आहे अशा समजुतीने त्याने एक मादक द्रव्य घेतले, आणि अंमल ऐन भरात असताना हाक आली. हातातली गिटारची मान सापासारखी वळवळते आहे असे त्याला वाटत होते. मला सुरात ठेव, लयीत ठेव, एवढेच आपण देवापाशी मागत होतो, असे त्याने नंतर सांगितले आहे. अपराध त्याचा स्वतःचाच, सहानुभूतीचे कारण नाही. पण फीत पाहताना त्याचे वेडेवाकडे होणारे तोंड दिसते ते सापाशी चाललेल्या त्या झटापटीमुळे, हे कळल्यावर मला हसू आले आणि अंगावर काटाही आला.

शेवटाकडच्या एका रचनेत शब्दच नाहीत. तीन जण तालवाद्यांवर आणि त्यांत ड्रमवर वीस वर्षांचा मायकेल श्रीव्ह, शाळकरी मुलासारख्या चेहऱ्याचा. त्याचे एकट्याचे वादन सुरू होते तेव्हा तो आवाज इतका खाली आणतो की आता थांबला असे वाटावे, आणि तिथून पुन्हा वर चढतो. आपल्याकडे मिरवणुकीत ढोल थांबवून एकटा ताशा बोलू लागला की पोरे जशी गोळा होतात, तसे तिथे झाले. दुपारी ज्यांना कोणी ओळखत नव्हते त्यांना संध्याकाळपर्यंत सगळे ओळखू लागले.

आता पंडित रविशंकर. वुडस्टॉकचा विषय निघाला की आपल्याकडे कोणी तरी अभिमानाने सांगतोच, "आपले रविशंकर होते तिथे!" होते खरे. शुक्रवारी रात्री दहाच्या सुमारास, पाऊस लागलेला असताना त्यांनी पूरिया धनाश्री वाजवला, मग उस्ताद अल्लारखांचे झपतालातले तबलावादन झाले आणि शेवटी मांज खमाज. तंबोऱ्यावर माया कुलकर्णी होत्या. (रात्री दहा वाजता पूरिया धनाश्री! आमच्या संगीताच्या सरांनी नुसते वेळापत्रक पाहूनच पान मिटले असते.) पण स्वतः पंडितजींना हा अनुभव अजिबात आवडला नव्हता, हे अभिमान बाळगणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. चिखलात लोळणारा तो समुदाय पाहून आपल्याला चिखलात डुंबणाऱ्या म्हशी आठवल्या, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. चित्रपटात त्यांची मैफल घेतलेली नाही.

त्यांची खरी मैफल त्याआधी दोन वर्षे, १८ जून १९६७ ला, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे येथील उन्हाळी महोत्सवात झाली. रविवारची दुपार त्यांच्या एकट्यासाठी राखून ठेवलेली होती. आपले वादन चालू असताना कोणी धूम्रपान करू नये, असे त्यांनी श्रोत्यांना आधीच बजावले आणि त्या पोरांनी ते ऐकले. सुमारे तीन तास वादन झाले. डी. ए. पेनेबेकर यांच्या चित्रपटाचा शेवट या मैफलीच्या सुमारे अठरा मिनिटांनी होतो, आणि त्यातली पहिली कित्येक मिनिटे कॅमेरा पंडितजींना दाखवीतच नाही. तो फक्त ऐकणाऱ्यांचे चेहरे दाखवतो. कोणी डोळे मिटून, कोणी नुसते बोट हलवत बसलेले. त्यांत एक चेहरा जिमी हेन्ड्रिक्सचा आहे. अल्लारखा आणि पंडितजी सवाल-जवाबाला लागतात तेव्हा दोघेही एकमेकांकडे पाहून हसतात. पुढचा काय करील हे दोघांनाही ठाऊक नाही, याचाच तो आनंद आहे. शेवटी सारा समुदाय उठून उभा राहतो. त्याच रात्री हेन्ड्रिक्सने तिथल्या मंचावर आपली गिटार पेटवून दिली आणि वाद्याला नमस्कार करून हात लावणाऱ्या पंडितजींना त्याचा धक्का बसला. मलाही ती आग आवडत नाही. ती ठरवून लावलेली होती.

म्हणजे तोच कलाकार, तेच तबलावादक. एके ठिकाणी मैफल जमली आणि दुसरीकडे विरली. हे लिहिताना माझ्याच युक्तिवादाला तडा जातो याची मला कल्पना आहे. अडचण आली की गाणे फुलतेच, असे मी म्हणूच शकत नाही. पावसाने सतारीचे नुकसानच केले. ग्रेटफुल डेड या नामांकित वृंदाला वुडस्टॉकच्या मंचावर विजेचे झटके बसत होते आणि त्यांचे वादन इतके वाईट झाले की त्यांनी स्वतःच ते कबूल केले. जॅनिस जॉप्लिन तासन्‌तास ताटकळून उत्तररात्री गायली आणि थकलेली वाटते. मॉन्टेरेची जॅनिस ज्याने पाहिली त्याला वुडस्टॉकची पाहवत नाही. उलट स्लाय स्टोनने पहाटे साडेतीनला झोपलेल्या माणसांना उठवून आपल्यामागे म्हणायला लावले. जो कॉकरने बीटल्सचे एक साधे गाणे असे पिळवटून गायले की ते त्याचेच झाले, आणि तो उतरतो न उतरतो तोच वादळ आले. कोणाचे जमेल आणि कोणाचे फसेल, हे आधी कोणालाच सांगता आले नसते. मैफलीला बसण्याचे कारणच मुळी ते असते, असे मला वाटते.

हेन्ड्रिक्सचे वादन मी शेवटी घेते, कारण तो तिथेही शेवटीच वाजला. रविवारी रात्री व्हायचा कार्यक्रम लांबत लांबत सोमवारी, १८ ऑगस्टला, सकाळी नऊच्या सुमारास सुरू झाला. चार लाखांतले बहुतेक लोक घरी निघाले होते. समोर अंदाजे तीस-चाळीस हजार उरले असतील. चित्रपटात ओल्या गोधड्या, फाटक्या चपला, कलिंगडाच्या साली आणि त्यांतून काही तरी शोधत फिरणारी माणसे दिसतात. साथीदारांची तालीम पुरेशी नव्हती; बऱ्याच ठिकाणी मेळ बसत नाही. दोन तासांचे सगळेच वादन उत्तम आहे असे मी म्हणणार नाही. मात्र शेवटाकडे येता येता तो अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवू लागतो. एकटी गिटार आणि मागे ड्रमची धडधड. चाल ओळखीची, पण मधेच तिच्यातून विमानांची घरघर, बॉम्ब पडल्याचे आवाज आणि माणसांच्या किंकाळ्या निघू लागतात. त्या वेळी व्हिएतनामचे युद्ध चालू होते आणि हा गृहस्थ स्वतः काही काळ अमेरिकी सैन्यात छत्रीधारी सैनिक होता. पुढे दूरदर्शनवर त्याला छेडले तेव्हा, मला ते सुंदरच वाटले, असे तो शांतपणे म्हणाला. नंतर साधारण वर्षभराने, सप्टेंबर १९७० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तो वारला.

हे राष्ट्रगीत त्याने आधीही वाजवले होते. पण भर मध्यरात्री चार लाखांच्या आरोळ्यांत ते तसे उमटले असते का? मला शंका आहे. रिकाम्या होत चाललेल्या रानात, कचऱ्यासमोर, सकाळच्या उन्हात ते वाजले म्हणून ते तसे वाजले.

माझ्या या लेखाचा कच्चा मसुदा मी एका सरांना दाखवला. त्यांनी एक नेमका प्रश्न विचारला, "हे सगळे लोक प्रचंड ध्वनिक्षेपकांवरच गायले ना? मग यंत्र तुला तिथे चालते आणि इथे का नको?" प्रश्न बिनतोड आहे. बिल हॅन्ली यांनी उंच मनोऱ्यांवर कर्णे चढवले नसते तर हेवन्सचा आवाज पहिल्या शंभर रांगांपलीकडे गेला नसता. पण तो कर्णा हेवन्सचा आवाज मोठा करत होता. गाणे कधी संपायचे हे त्याला सांगत नव्हता. मुद्रित साथ हे सांगते. चार मिनिटे दहा सेकंद झाली की ती थांबते, मग समोरचा रडत असो की घड्याळ पाहत असो. सूर चुकला तर ती थांबून मला हात देत नाही. तबल्यावरच्या त्या मुलाने दिला होता. मी जात्याच घाबरट म्हणून तो धरला नाही. गेल्या वर्षीची फीत अलीकडे धीर करून पाहिली तेव्हा हे माझ्या लक्षात आले. मी थांबल्यावरही तो सात-आठ आवर्तने ठेका धरून बसला होता. माझ्यासाठीच.

ठरावावर मतदान पुढच्या आठवड्यात आहे आणि मी हरणार हे दिसतेच आहे. ठराव संमत झाला तरी नियमात एक पळवाट आहे, ती मी वाचून ठेवली आहे. भक्तिसंगीताला मुद्रित साथीची सक्ती नाही. तेव्हा कालच मी फॉर्म भरून दिला. हा अंक आपल्या हाती पडेल तोवर संमेलन होऊन गेलेले असेल आणि काय झाले ते आपण पाहिलेले असेल. फॉर्मवर 'गीताचा प्रकार' या रकान्यात मी 'अभंग व गजर' असे लिहिले आहे. 'साथसंगत' या रकान्यात लिहिले आहे, 'तबला नक्की, पेटी आली तर.' 'कालावधी' हा रकाना कोरा ठेवला होता. कार्यालयातल्या भाऊंनी फॉर्म परत केला. कोरा चालत नाही म्हणाले. मग त्यांच्यासमोरच पेन घेऊन लिहिले, 'पुढचा कलाकार येईपर्यंत.'